शनिवारी सांगायला काही नसतं तेव्हा

आदरणीय ताई,

प्रभूच्या नावात सलाम. मी घणसोलीला राहते. वय अडतीस. ठाण्याला एका सीएंच्या ऑफिसात काम करते. माहेर नगरकडचं. आजोबा गावच्या मंडळीत (चर्चमध्ये) पंच होते, त्यामुळे शास्त्रवाचन आणि प्रार्थना लहानपणापासून अंगवळणी पडलेली.

आमच्या महिला मंडळाची सभा दर शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी असते. गीत, प्रार्थना, वचन झालं की प्रत्येकीने सांगायचं, या आठवड्यात देवाने रोजच्या जीवनातून काय शिकवलं. बाकीच्या किती छान सांगतात! एकीला कुकरच्या शिट्टीतून धीर धरायची शिकवण मिळते, एकीला मोबाईलच्या चार्जिंगमधून प्रार्थनेची. मला काहीच सुचत नाही. माझा दिवस पहाटे पाच वाजता पाणी भरण्यापासून सुरू होतो. डबे, सासूबाईंचं सगळं (दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, अंथरुणावरच असतात), मग गाडी, ऑफिस, येताना भाजी, स्वयंपाक. रात्री त्यांच्या पायांना तेल लावते आणि तिथेच डोळा लागतो. मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी. जाऊबाई कळव्याला राहतात. महिन्यातून एकदा येतात, सफरचंदं आणतात आणि तासाभरात जातात. यात देवाने मला काय शिकवलं, हे कुठे शोधू?

आता खरं ते लिहिते. मागच्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट आली होती, पेन्सिल आणि खोडरबराची. ती मी आमच्याच घरी, माझ्या मुलासोबत घडली म्हणून सांगितली. सगळ्या आमेन म्हणाल्या, एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून मला शास्त्र उघडायचीही लाज वाटते.

आणि मुलगा. सातवीत आहे. शाळेच्या कबड्डीच्या टीममध्ये त्याचं नाव आलं नाही. मी म्हटलं, देवाची तुझ्यासाठी याहून चांगली योजना असेल, यातून काहीतरी शीक. तो ओरडला, "आई, प्रत्येक गोष्टीचं प्रवचन कशाला करतेस?" आणि जेवला नाही. माझा विश्वास कमी पडतोय का, ताई?

घणसोलीची एक बहीण

प्रिय बहीण,

सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमचा विश्वास कमी पडत नाहीये. विश्वास आटला असता तर त्या शनिवारी जे बोललात त्याचं तुम्हाला काही वाटलंच नसतं. तुम्ही दमलेल्या आहात, आणि दमलेल्या बाईवर दर आठवड्याला एक बोधाची गोष्ट आणून हजर करायचं काम येऊन पडलंय. त्या ओझ्याखाली तुम्ही दुसऱ्याची गोष्ट उचललीत. ते चुकलंच. पण दुखणं तिथे नाही, त्याच्या अलीकडे आहे.

तरी आधी ते पेन्सिलीचं निस्तरू. ते सांगून टाका. येत्या शनिवारी तुमची पाळी आली की पहिल्याच वाक्याला म्हणा, "मागच्या महिन्यातली पेन्सिल-खोडरबराची गोष्ट आमच्या घरची नव्हती, मला मोबाईलवर आली होती. मी ती आमची म्हणून सांगितली, मला क्षमा करा." एवढंच. कामाचा ताण होता, काही सुचत नव्हतं, असं मागे काही लावू नका. नाहीतर सगळ्या तुमची समजूत घालायला लागतील आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. तुम्ही म्हणाल, देवाजवळ तर कबूल केलंय, मग चारचौघींत कशाला? आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो, हे योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय आणि ते तुमच्यासाठीही आहे. पण ज्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला ते तुमच्या घरची गोष्ट म्हणून आलं. तिला खरं काय ते कळायला हवं. जक्कय नावाच्या जकातदाराने ज्यांना लुबाडलं होतं त्यांचं चौपट परत करीन म्हटलं, तेही सगळ्यांसमोर उभं राहून. फारच धीर होत नसेल तर सभा चालवणाऱ्या बाईंना आधी त्यांच्या घरी गाठा, त्यांच्यापाशी मन मोकळं करा आणि शनिवारी त्यांच्या शेजारी बसा.

आता मूळ दुखणं. तुमच्या सभेतला तो प्रश्न चांगल्या मनानेच विचारला जातो. कुकरच्या शिट्टीने एखादीला खरोखर धीर दिला असेल तर तिच्यासाठी ती देणगीच आहे. पण दर शनिवारी बोध हवाच असं ठरलं की माणूस आठवडाभर बोध शोधत फिरतो, आणि जे समोर आहे ते दिसेनासं होतं. योहानाच्या सुवार्तेच्या नवव्या अध्यायात येशूच्या शिष्यांचं हेच झालेलं आहे. रस्त्याच्या कडेला एक जन्मांध माणूस आहे, भीक मागून पोट भरणारा. शिष्य त्याला बघतात आणि गुरूला विचारतात, कुणाच्या पापामुळे हा असा जन्मला, याच्या की याच्या आईबापांच्या? तो माणूस तिथेच आहे. तो आंधळा आहे, बहिरा नाही. त्याचं नाव काय, तो कुठला, सकाळपासून पोटात काही गेलंय का, यातलं काही त्यांना विचारावंसं वाटलं नाही. त्यांना त्याच्यातून धडा हवा होता. येशूने सांगितलं, याचंही पाप नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. मग तो जमिनीवर थुंकला, माती कालवली आणि ती आपल्या हाताने त्या माणसाच्या डोळ्यांना लावली.

पुढे त्याच माणसाला साक्ष द्यायची वेळ येते. परूशी, म्हणजे नियमशास्त्राबाबत कडक असलेले धर्मपुढारी, त्याला पुन्हा पुन्हा बोलावून दरडावतात, तुला बरं करणारा पापी आहे असं म्हण, म्हणून. तो काय म्हणतो? तो पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही. एक गोष्ट ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. त्याच्या बोलण्यात "मला ठाऊक नाही" हे आधी येतं. जे माहीत नाही ते त्याने जुळवलं नाही, घडलं तेवढं सांगितलं. आपल्या सभांमधून हे "ठाऊक नाही" निघून गेलंय. ते परत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही एखाद्या शनिवारी सरळ म्हणा, "या आठवड्यात मला काही कळलं नाही. दिवस गेले. माझ्यासाठी प्रार्थना करा." देवाने दिलेल्या आठवड्याचा हा खरा हिशेब आहे, आणि तो ऐकून निदान दोघीतिघींना हायसं वाटेल.

मग येशूच्या दृष्टांतांचं काय? त्यानेही पीठ, बी, दिवा, जाळं यांतूनच सांगितलं की. हो, पण ते आलं कुठून ते बघा. सुवार्ता लिहिणारा लूक सांगतो की त्याने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीची बहुतेक वर्षं नासरेथात, एका लहान गावात, सुताराच्या कामात गेली. त्या वर्षांचं एकही प्रवचन आपल्यापाशी नाही. पण दृष्टांत वाचताना कळतं की तो किती बारकाईने बघत होता. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर फाटलेलं आणखी फाटतं, हे घरात कपडे सांधताना बघितलेल्यालाच ठाऊक असतं. मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राला आतून उत्तर मिळतं, दार लावलंय, पोरं माझ्याजवळ निजलीत. हे एका खोलीच्या घरातलं बोलणं आहे. खमिराच्या (पीठ आंबवणाऱ्या विरजणाच्या) दृष्टांतात ती बाई तीन मापं पीठ घेते. आपल्या हिशेबात वीस किलोच्या वर! ती एका घरापुरतं मळत नव्हती. आणि कितीतरी ठिकाणी तो शेवट बांधून देतही नाही. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरला भाऊ रागावून दाराबाहेर उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतोय, आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला का, हे आपल्याला सांगितलेलं नाही. तुमच्या मुलाला राग येतो तेव्हा हा थोरला भाऊ जरूर आठवा.

नुसतं "बघा" म्हणणं सोपं असतं, म्हणून एक उदाहरण देते. मत्तयाच्या सुवार्तेत येशू विचारतो, दोन चिमण्या दमडीला विकतात की नाही? लूकात तेच बोलणं येतं तेव्हा भाव बदललेला आहे, पाच चिमण्या दोन दमड्यांना. ती दमडी म्हणजे एक रोमी नाणं, मजुराच्या दिवसभराच्या मजुरीचा सोळावा हिस्सा. चिमण्या गरिबांच्या जेवणातल्या. दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी कुठून आली? ठाण्याला जांभळी नाक्यावर लिंबंवाली ओरडत असते, "दहाला तीन, वीसला सात!" तिच्यासमोर उभं राहिलं की पाचव्या चिमणीचं कोडं सुटतं. सातवं लिंबू ती निवडून देत नाही. हाताला लागेल ते, बहुतेक वेळा बारकं, एका अंगाला पिवळं आणि एका अंगाला डाग पडलेलं, असं पिशवीत वरून टाकते. त्याला भावच नसतो. पाचव्या चिमणीलाही नव्हता. आणि येशू नेमका तिथेच म्हणतो की त्यांच्यापैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. वचन आधी मनात होतं, बाजार नंतर आला. उलटं करून पाहा. लिंबू हातात घ्या आणि त्याला वचन शोधत बसा, की काहीही जुळवता येतं. आंबटपणातून एक, सालीतून एक, बियांतून एक. सभेपुरतं ते जुळतं, पण सोमवारी काही उपयोगाला येत नाही. पाचवी चिमणी मात्र माझ्याबरोबर राहिली. आता त्या बाईशी दोन रुपयांवरून घासाघीस करणं मला होत नाही, आणि उरलेली, डागाळलेली लिंबं घेऊन ती संध्याकाळी किती वाजता घरी जाते हे मी तिला विचारते.

म्हणून आठवड्याला एकच लहान भाग घ्या. वर्षात पूर्ण शास्त्र वाचायचा तक्ता लावलेला असेल तर तो सध्या बाजूला ठेवा, देव काही रागावणार नाही. तुमच्यासाठी मी मार्काचा पहिला अध्याय सुचवते, वचनं २९ ते ३१. तीनच वचनं आहेत, डबे भरता भरता पाठ होतील. शिमोनाची, म्हणजे शिष्य पेत्राची, सासू तापाने पडलेली आहे. येशू घरात येतो, लोक त्याला तिच्याविषयी सांगतात, तो जवळ जातो, तिचा हात धरून तिला उठवतो. तुमच्या घरी उद्या तसंच होईल असं मी म्हणत नाही. तसं आश्वासन मी देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर जपून राहा. एवढंच म्हणते की ही तीन वचनं आठवडाभर सोबत असू देत. सुवार्तेत एका आजारी सासूचं घर आहे, आणि प्रभू तिथे सभास्थानातून थेट आलेला आहे.

आता एक गोष्ट लिहिते, ती रागावून घेऊ नका. तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, त्यांचा झटका आहे, त्यांच्या पायांचं तेल आहे. त्या स्वतः कुठे दिसत नाहीत. त्यांना बोलता येतं का, त्या कशाने चिडतात, कुणाचा आवाज आला की दाराकडे बघतात, कोणतं गीत लागलं की त्यांची बोटं हलतात? तुम्ही वाईट आहात म्हणून हे सुटलेलं नाही. दोन वर्षं एकाच माणसाचं सगळं करत राहिलं की माणूस कामात विरघळून जातो, आणि हे ज्यांनी केलंय त्या सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही विचारता, माझ्या दिवसात शिकवण कुठे शोधू. शोधू नका. रात्री तेल लावायला बसाल तेव्हा ती तीन वचनं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांच्या तोंडाकडे बघा. बोलता येत नसेल तरी त्यांना ऐकू येत असेल. त्यांच्या पिढीच्या बायकांना स्तोत्रं आणि गीतं तोंडपाठ असतात. कदाचित तुम्ही एक ओळ म्हणाल आणि दुसरी त्यांच्या ओठांवर येईल. नाही आली तर नाही. डोळा लागला तर लागू द्या.

मुलाचं जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे तुमच्या हातून मोठी चूक झालेली नाही, पण ती सवय झाली तर होईल. दुसऱ्याच्या दुःखातून आपण धडा काढू नये, मग ते दुःख कबड्डीच्या टीमचं का असेना. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा लोक त्यातूनही अर्थ काढत होते. येशूने त्यांना तिथेच थांबवलं. ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजता का? नाही, म्हणाला, आणि मग ऐकणाऱ्यांनाच स्वतःकडे बघायला लावलं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. ते लांबून आले, त्याची दशा पाहून मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी उत्तम केलं. नंतर ते बोलायला लागले, एकेकाने त्याला त्याच्या दुःखाचा अर्थ समजावला, आणि शेवटी देवाचा राग ओढवला तो या बोलण्याने.

तुमच्या मुलाला त्या संध्याकाळी सात दिवस नको होते, पाच मिनिटं हवी होती. "वाईट वाटलं ना रे? कोण कोण निवडले गेले?" एवढं विचारून गप्प बसायचं. त्याची चढाई कशी झाली, कुणी पाय धरला, सरांनी काय म्हटलं, ते सगळं तो सांगेल आणि मग जेवेल. देवाची चांगली योजना आहे हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ते त्याला पुढे कधीतरी स्वतःच्या तोंडाने म्हणता यायला हवं. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायची आज्ञा आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांच्याशी बोला. आपण तेवढंच लक्षात ठेवतो. त्याच अध्यायात पुढे आहे की तुझा मुलगा तुला विचारील, या आज्ञांचा अर्थ काय, तेव्हा त्याला सांग की आम्ही मिसरात दास होतो. आधी मुलगा विचारतो. आणि आईबाप उत्तर देतात ते आपल्यावर काय गुदरलं आणि देवाने कसं सोडवलं, याचं. म्हणजे मुलाच्या हरण्याचा अर्थ सांगायच्या आधी तुमच्या स्वतःच्या हरण्याची एखादी हकीकत त्याला ठाऊक असायला हवी. सांगितली आहे कधी? नोकरी मिळत नव्हती तेव्हाची, सासूबाईंना झटका आला त्या रात्रीची? अंधारात, दिवा मालवल्यावर मुलं अशा गोष्टी ऐकतात. आणि त्याला उद्या म्हणा, "त्या दिवशी मी तुझं ऐकूनच घेतलं नाही." सातवीतल्या मुलाला आईचं हे वाक्य बरेच दिवस पुरतं.

जाऊबाईंच्या सफरचंदांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि त्यात सगळं आलं. राग आहे. असू द्या. घरी आलेल्या येशूसाठी राबणाऱ्या मार्थालाही आला होता, आणि तो तिने मनात ठेवला नाही. ती सरळ येशूजवळ जाऊन म्हणाली, माझ्या बहिणीने सगळं काम माझ्या एकटीवर टाकलंय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? आपल्याकडे या उताऱ्यावर बोलताना मार्थाला फार बोल लावतात. मला ते कधीच पटलेलं नाही. येशूने तिला दोनदा नावाने हाक मारली, "मार्था, मार्था", ती दगदग करतेय हे ओळखलं, आणि एकच गोष्ट गरजेची आहे हेही तिला सांगितलं. आणि पुढे? योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ वारल्यावर तिची बहीण मरीया घरात बसून राहते, मार्था उठून वाटेवर येशूला गाठते. तिथेही आधी तक्रार, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. आणि त्याच बोलण्यात पुढे ती म्हणते, तुम्ही ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात, असा माझा विश्वास आहे. पेत्राने येशूला ख्रिस्त म्हटलं, त्याच्या तोडीची कबुली त्या स्वयंपाकघरातल्या बाईच्या तोंडी आहे. बाराव्या अध्यायात पुन्हा जेवण आहे, आणि योहान मुद्दाम लिहितो, मार्था वाढत होती. काम सुटलं नाही. पण या वेळी तक्रार नाही.

तुमची तक्रार प्रभूला सांगा, जशीच्या तशी, सफरचंदांसकट. त्यानंतर जाऊबाईंना फोन करा. टोमणा न मारता विचारा, पुढच्या वेळी याल तेव्हा तासाच्या जागी अख्खा दिवस राहू शकाल का? त्या टाळत असतील, असंही असू शकतं आणि त्यांना आजारी माणसाजवळ काय करायचं ते कळत नसेल, असंही असू शकतं. पुष्कळ माणसं फळं आणतात, कारण रिकाम्या हाताने त्या खोलीत बसायची त्यांना भीती वाटते. त्यांना एक ठरलेलं काम द्या. वेणी घालायची, नखं कापायची.

आता गाडीतल्या वेळेचं. घणसोली ते ठाणे, जेमतेम पाव तास ते वीस मिनिटं. तुम्हाला बसायला मिळत नसेल, पण डोक्याला मोकळीक असते. सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोला नावाच्या स्पॅनिश माणसाने आपल्या साथीदारांना दिवसातून दोनदा दिवसाकडे वळून बघायची सवय लावून दिली. तो रोमन कॅथलिक, आपण त्या मंडळीतले नाही, पण ही सवय कुणालाही चालण्यासारखी आहे. आधी आभार मानायचे. मग कालपासून आत्तापर्यंतचा वेळ डोळ्यांसमोरून सरकू द्यायचा, कुठे मन मऊ झालं, कुठे घट्ट झालं ते बघायचं. चुकलं त्याची क्षमा, उद्याकरता मदत. मी त्यात माझ्यासाठी एक प्रश्न घातलाय: माझ्यासमोर कोण कोण आलं? लेडीज डब्यात कुणीतरी मांडीवर पिशवी ओढून घेते, तिघी जरा सरकतात, चौथीला टेकायला जागा होते. ती अर्धीच बसलेली असते, एक पाय मधल्या वाटेत, तरी तिचा चेहरा सैल पडतो. ते दिसलं तर प्रभूचे आभार माना. तिला जागा देणारीचेही. त्यातून काही शिकवण काढायची गरज नाही, आणि शनिवारी ते सांगायचीही नाही.

रोज जमणार नाही. गर्दीत श्वास घ्यायलाही जागा नसते तेव्हा नुसतं "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" एवढं म्हटलं तरी चालेल.

स्वयंपाकघराबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण तिथेच तुमचा अर्धा दिवस जातो, म्हणून ब्रदर लॉरेन्सविषयी सांगते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकी होते, १६९१ साली वारले. तरुणपणी सैन्यात होते आणि तिथल्या जखमेने पायाने अधू झालेले. त्यांना स्वयंपाकघराची मुळात नावड होती. हे मला फार मोलाचं वाटतं. आवडीचं काम देवासाठी करणं कुणालाही जमेल. त्यांनी नावडतं काम वर्षानुवर्षं देवाच्या सहवासात केलं, आणि भांड्यांच्या गोंगाटातही प्रार्थनेला गुडघे टेकल्याइतकीच शांती मिळते असं ते सांगत. पोळ्या करताना तुम्हाला कंटाळा येत असेल तर येऊ द्या. कंटाळ्यासकट प्रभूशी बोलता येतं.

शेवटी एक मागणी तुमच्यासाठी, आणि एक तुमच्या मंडळीकडे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. तुमच्या सभेतल्या बायका दर शनिवारी तुमच्यासमोर बसतात, आणि तुमच्या घरी दोन वर्षं अंथरुणावर असलेलं माणूस आहे हे त्यांना माहीत असणारच. तुमच्याकडून बोध मागितला जातो, मदत देऊ का असं कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात नाही. त्यांनी विचारायला हवं होतं. पण तुम्हीही मागितलेलं नाही. तेव्हा येत्या शनिवारी पेन्सिलीचं सांगून झालं की त्याच दमात म्हणा, "गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ आमच्या सासूबाईंजवळ कुणी बसू शकेल का?" नाव घेऊन विचारा. पहिल्या आठवड्यात कोण, दुसऱ्यात कोण, तिथेच कागदावर लिहून घ्या. पाळकबाई असतील तर त्यांचंही नाव घ्या. येणारीला सगळं समजावून द्या, कुशीवर कसं वळवायचं, पाणी किती आणि कशाने पाजायचं, औषध कुठल्या डब्यात. गिळायला त्रास होत असेल तर तेही आठवणीने सांगा. आणि त्या दोन तासांत घरातलं एकही काम काढू नका. मुलाला घेऊन बाहेर पडा. मैदानावर बसा, त्याला कबड्डी खेळताना बघा. तुम्हाला नियम कळत नसतील तर त्यालाच विचारा.